आई, तुझे चौकोन मी कापले

ती. आई-बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आई मध्येच बोलते आणि बाबा स्पीकर लावून टीव्हीकडे बघत बसतात. म्हणून लिहून पाठवतेय. आई, पूर्ण वाच आणि मग बोल.

पेटीच्या तळाशी तू ठेवलेले ते कापडाचे जोडलेले चौकोन मी मागच्या खेपेला ‘जरा बघते’ म्हणून घेऊन आले होते ना, ते कापले. त्यांची गोधडी आता होणार नाही, बॅग झाली आहे. आडवी, नळकांड्यासारखी, वरून चेन उघडणारी डफल बॅग. एक पट्टा तेवढा राहिलाय, त्याचं शेवटी सांगते.

विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, “राहू दे, मी करीन सावकाश.” आणि त्यावर मला ‘बरं’ म्हणावंच लागलं असतं. पेटीतलं कापड घडीवर विरायला लागलं होतं. दोन ठिकाणी तर बोट लावलं आणि धागे सुटे झाले. आणखी थोडी वर्षं तसंच राहिलं असतं तर त्याचा काहीच उपयोग झाला नसता. तुझ्याच्याने होत नाही म्हणून कापलं असं मनात आणू नकोस. डोळ्यांचं झाल्यापासून तू मशीनवर बसत नाहीस, हे चांगलंच आहे. पण ते जोडकाम इतकं सरळ आहे की आजही मला तसं जमत नाही. चार कोपरे एका टिंबावर मिळालेत, सगळीकडे. म्हणून मी त्यावर माझी वेगळी नक्षी घातलीच नाही. तुझ्या जोडांच्या शिवणीवरूनच टीप मारली, म्हणजे वरून बघताना तुझंच काम दिसतं.

आता बाबांसाठी हिशोब, कारण ते विचारणारच. दोन्ही बाजूंचे गोल शिवणीवर २५ सेंटीमीटर व्यासाचे आहेत. व्यासाला ३.१४ ने गुणलं की ७८.५ येतात, तेवढाच मधल्या पट्टीचा घेर हवा. त्यातले अडीच चेनच्या रुंदीत जातात, उरले ७६, दोन्हीकडे एकेक सेंटीमीटर मार्जिन, म्हणजे पट्टी ७८ ची. लांबी ४५. आत साधारण २२ लिटर जागा होते. बाबा, करून बघा, बरोबर आहे. पण कापड आधीच ७८ चं कापून चालत नाही. सगळे थर एकत्र शिवले की कापड आखडतं, म्हणून चारही बाजूंनी दोन-दोन सेंटीमीटर जास्त घ्यायचं, शिवून झाल्यावर मापात कापायचं. ‘आधी मोठं काप, लहान करता येतं’ हे तुमचंच, लाकडाच्या बाबतीतलं.

वर तुझे चौकोन, मध्ये पॉलिस्टरचं पातळ वॅडिंग, म्हणजे मऊ भरणीचा थर, आत फिकट पिवळं अस्तर. अस्तर फिकट मुद्दाम घेतलं. गडद असलं की चष्म्याची काळी डबी आत दिसतच नाही आणि मग सगळी बॅग पलंगावर ओतावी लागते. तुम्ही दोघं ते कसं करता ते मी पाहिलंय. तुझं विरलेलं कापड एकट्याने ओझं पेलणार नाही, म्हणून त्याच्या पाठीला जाड सुती कॅनव्हास लावला. कॅनव्हास आणि अस्तर आधी धुऊन घेतलं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आखडतं आणि शिवणी ओढल्या जातात. सगळे थर सेफ्टी पिनांनी चार-चार बोटांवर अडकवले आणि टीप मधून सुरू करून कडेला नेली. कडेकडून सुरू केलं की मध्ये फुगा येतो. सुई १६ नंबरची, टाका तीन मिलिमीटरचा, दोरा पॉलिस्टरचा. आई, सुती दोरा नाही म्हणून नाक मुरडू नकोस, ओझ्याच्या शिवणीला तो टिकत नाही.

गोल बसवताना मात्र घाम फुटला. सरळ कड गोल कडेला लावायची म्हणजे ती वळायलाच तयार नसते. शेवटी दोन्हीकडे चार-चार भाग करून खुणा जुळवल्या, सरळ कडेच्या मार्जिनला बारीक काप दिले, आणि सावकाश, हाताने चाक फिरवत शिवलं. आतल्या उघड्या शिवणींना तिरपी कापलेली उरेब पट्टी लावली, म्हणजे धागे निघणार नाहीत आणि हाताला टोचणार नाही.

मशीनखाली बसून लोहचुंबकाने टाचण्या गोळा करायचं काम माझं असायचं. तू टीप मारायचीस आणि मधूनच खाली वाकून बघायचीस, मी झोपले की काय. बहुतेक वेळा झोपलेलीच असायचे. परवा मशीन थांबवलं आणि उगाच खाली बघितलं.

आता बाबा. तुम्हाला काही झालंय असं मी म्हणत नाहीये. पण ती जुनी चामड्याची बॅग रिकामीसुद्धा जड आहे, तुम्ही ती कायम उजव्याच हातात धरता, आणि जिन्यात त्या हाताने कठडा धरता येत नाही. मला एवढंच हवंय की तुमचे दोन्ही हात मोकळे राहावेत. ही रिकामी असताना अर्ध्या किलोच्या आतबाहेर भरते. हातात धरायचे बंद जाड नाड्याचे, चार सेंटीमीटर रुंद आहेत, म्हणजे बोटांना रुतणार नाहीत. ते बॅगेच्या खालून आख्खे फिरवून आणलेत, म्हणजे ओझं नाड्यावर येतं, आईच्या चौकोनांवर नाही. जिथे ते संपतात तिथे चौकोन शिवून आत फुली मारली आहे. ती उसवणार नाही.

चेनला दोन रनर आहेत, कुठूनही उघडा. रनरला कापडाचे फासे लावलेत, त्यात आख्खं बोट जातं. सकाळी बोटं आखडलेली असली तरी चिमटीने ओढायला नको. आतला लांब कप्पा तपासण्यांच्या फायलीसाठी, ए-फोर कागद न दुमडता बसतो. रेघांचा आहे तो बाबांचा, चष्मा आणि औषधाची डबी त्यात. ते कापड कुठलं ते ओळखा, कोपर फाटलेला सदरा आईने पुसायला दिला होता. पाण्याची बाटली बाहेर गोलावरच्या कप्प्यात. आत नाही, बाबा, आत नाही. गळली की फाईल भिजते.

आणि बॅग जपून ठेवायची नाही. आई, हे तुला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात टाकलीस तर मी येऊन बाहेर काढीन. ती दाराजवळच्या खुंटीवर राहील, रोज वापरायची. दादा आला तर त्याने न्यावी, पोरांनी पोहायला न्यावी, मळू दे. गोधडी एकाच्या अंगावर पडली असती आणि ती कोणाला द्यायची यावर तू अजून दहा वर्षं विचार केला असतास. मळली की थंड पाण्यात साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. गरम इस्त्री अजिबात नाही, वॅडिंग चपटं होतं. तळाला प्लास्टिकची पाटी आहे, ती धुण्याआधी काढा. उरलेल्या चौकोनांची पट्टी माझ्याकडे घडी न घालता गुंडाळून ठेवली आहे, तुला हवी तेव्हा माग.

आता राहिलेला पट्टा, खांद्यावरून आडवा घ्यायचा. त्याला लांबी बदलायची बकल लावणार नाही. एक तर ती सरकते, दुसरं म्हणजे बाबा ती ढिली करून बॅग गुडघ्याशी लोंबकळवतील. पक्क्या मापाचा शिवणार आहे, म्हणून मला माप हवं. आई, टेप घे, बाबांना सरळ उभं कर, डाव्या खांद्यापासून पुढून तिरपं उजव्या कमरेच्या हाडापर्यंत आणि मागून परत खांद्यापर्यंत मोज. रोजचा शर्ट घालून, आणि पोट आत न ओढता. बाबा, मला कळेल. माप कागदावर लिहून त्याचा फोटो पाठव, फोनवर सांगताना तुम्ही दोघं वेगवेगळे आकडे सांगता.

रविवारपर्यंत पाठवा.

तुमची,
ठमी