कागदावरच्या घरी म्हैस नव्हती

सॅन मातेओ, कॅलिफोर्निया, रविवार

प्रिय बंड्या,

तुझी कुलवृत्तांताची पानं मिळाली. साठीनंतर मोडी शिकून चार पिढ्या मागं गेलास, कमाल आहे तुझी! पण आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांची जन्मतारीख १ जून कशी, याची तळटीप टाकायला विसरू नकोस. नाव घालताना गुरुजींनी ठोकलेली तारीख ती. तिच्यावर नोकऱ्या झाल्या, पेन्शनी निघाल्या. आईला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "आखाडातला तो, पाऊस लागून राहिला होता."

हे आठवलं कारण गेल्या आठवड्यात मीही दोन दिवस दफ्तरात डोकं घालून बसलो होतो. शेजारी एक चिनी आजोबा राहतात. नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. त्यांचे वडील १९१३ साली, बाराव्या वर्षी, हाँगकाँगहून 'मंगोलिया' बोटीनं सॅन फ्रान्सिस्कोला आले. जुनं वळणदार इंग्रजी हस्ताक्षर आजोबांना लागत नाही, म्हणून मला बरोबर घेतलं. राष्ट्रीय अभिलेखागाराची शाखा इथून जवळच, सॅन ब्रुनोला आहे.

चिनी उतारूंच्या याद्या वेगळ्याच असतात. १८८२ साली अमेरिकेनं चिनी मजुरांना बंदी केली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी असे थोडेच चालत. त्याच कायद्यात कलम होतं की कप्तानानं चिनी उतारूंची निराळी यादी द्यावी, आणि यादी व दाखले ताडून पाहिल्याशिवाय कुणाला उतरू देऊ नये. बंदीतला मजूर आणला तर माणशी पाचशे डॉलरपर्यंत दंड आणि वर वर्षभरापर्यंत कैद. परत यायच्या बोलीवर देश सोडणाऱ्या मजुरांचीही वही असे: नाव, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, अंगावरच्या खुणा. गुन्हेगाराची नोंद करावी तशी.

नावांची तर पार वाट लावलीय. पानंच्या पानं 'आह' नावाची माणसं! कँटनी बोलीत लाडानं किंवा सलगीनं हाक मारताना नावाआधी 'आ' लावतात. आपल्याकडं कुणी "अरे सदा" म्हणावं आणि कारकुनानं 'अरे' हे आडनाव लिहून घ्यावं, तसं झालं. शिवाय चिनी आडनाव आधी येतं, इथल्यांना ते शेवटी हवं. त्यामुळं बापाचं आडनाव एक आणि पोराचं दुसरंच.

चाए चान पिंगची गोष्ट मात्र मला झोपू देईना. बारा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राबला, १८८७ साली परतीचा रीतसर दाखला घेऊन गावी गेला. सप्टेंबर १८८८ मध्ये हाँगकाँगहून 'बेल्जिक' बोटीनं निघाला. तो भर समुद्रात असताना, १ ऑक्टोबरला, इथं नवा कायदा झाला: असले सगळे दाखले रद्द. ८ तारखेला बोट लागली तेव्हा हातातला कागद रद्दी झाला होता. सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि हरला. असे दाखले घेऊन परदेशी गेलेले आणखी सुमारे वीस हजार लोक होते.

मग लोकांनी कागदाला कागदानंच उत्तर दिलं. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोची जन्मदप्तरं जळाली. "माझा जन्म इथलाच" म्हणणाऱ्याला खोटं पाडायला पुरावा उरला नाही. जन्मानं नागरिक ठरलेला माणूस चीनला जाऊन आला की "मुलगा झाला" असं नोंदवायचा. मुलगा असो वा नसो, त्या नावानं इथं यायची एक जागा तयार व्हायची. ती विकली जायची, वयाच्या वर्षाला साधारण शंभर डॉलर या भावानं. ती घेऊन येणारा तो 'कागदी मुलगा'.

अधिकारीही कच्चे नव्हते. १९१० पासून चौकशी सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर होई. घराला पायऱ्या किती? विहीर कुठल्या अंगाला? तांदळाची कोठी कुठं असते? गल्लीत तिसऱ्या घरात कोण राहतं? तेच प्रश्न बापाला वेगळे बसवून. उत्तरं जुळली नाहीत तर परतीची बोट. म्हणून पोरं बोटीवर पाढे घोकावेत तशी ही उत्तरं घोकत आणि बंदर दिसायच्या आत उत्तरांचे कागद समुद्रात टाकत. खरी मुलंही यात अडकली. गावच्या विहिरीवर बापलेकांचं एकमत व्हायलाच हवं, असं थोडंच आहे?

आजोबांच्या वडिलांची फाइल मिळाली. फोटोतला पोरगा इस्त्रीसारखा ताठ. खुणांच्या रकान्यात होतं, 'डाव्या भुवईवर व्रण'. आजोबा हसले. गावी म्हशीचं शिंग लागलं होतं, ही गोष्ट त्यांनी लहानपणी पन्नास वेळा ऐकलेली. पुढं जबाब होता. अधिकारी विचारतो, हा व्रण कशाचा? पोरगा म्हणतो, पायरीवरून पडलो. मला कळेना. आजोबांनीच समजावलं, "कागदावरच्या घरी म्हैस नव्हती ना."

१९४३ साली बंदी उठली, तीही वर्षाला १०५ माणसांपुरती. १९५६ पासून सरकारनं "खरं सांगा, कागद नीट करून देऊ" अशी योजना काढली. आजोबांचे वडील त्या वाटेला गेले नाहीत. एकानं कबुली दिली की त्या कागदी घराण्यातले सगळेच उघडे पडत, आणि सरकारवर भरवसा ठेवण्यासारखं आयुष्य त्यांचं गेलं नव्हतं. त्यामुळं आजोबा अजून विकतच्याच आडनावानं वावरतात. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. सत्तर वर्षांनंतरही!

येताना वाट वाकडी करून कोल्माला गेलो, तिथं मोठी कब्रस्तानं आहेत. वडिलांच्या दगडावर इंग्रजीत एक आडनाव आहे, चिनीत दुसरं. आजोबांनी बोटानं चिनी अक्षरांतली माती काढली. इंग्रजी बाजूला हात लावला नाही.

वहिनींना नमस्कार. पानं वाचून खुणा करून पाठवतो.

तुझाच,
शऱ्या

ता. क. आपल्या वाड्याच्या दाराला पायऱ्या किती होत्या? वहिनींना न विचारता लिही. माझा आकडा मी कागदावर लिहून बाजूला ठेवलाय.