व्हरांड्यातले ऊन आणि अंगणातली फळझाडे

नागपूर, ५ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

साताऱ्याहून निघताना मी बाबांच्या टेबलावर अंगणाचा एक नकाशा ठेवून आले होते. गाडीची वेळ झाल्यामुळे तो समजावून सांगता आला नाही, आणि फोनवर विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात व आई "तुला वेळ कुठे आहे" म्हणते, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. घरापुढची हिरवळ, क्रोटनची रांग आणि कुंपणालगतचे तीन अशोक काढून तिथे खाण्याच्या उपयोगाची झाडे लावावीत, असे मला मनापासून वाटते. हे मला का सुचले, ते आधी सांगते.

डिसेंबरच्या त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी एकच गोष्ट पाहत होते. चहा झाल्यावर बाबा व्हरांड्यात खुर्ची मांडत, थोड्या वेळाने ती पायरीपाशी नेत, मग फाटकाजवळ, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला जाऊन बसत, कारण कोवळे ऊन तेवढ्याच जागी असे. आईला गुडघ्यांमुळे तितके चालवत नाही, त्यामुळे ती शाल गुंडाळून आतच बसून राही. आपले घर दक्षिणाभिमुख आहे आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणजे खरे तर या दिवसांत व्हरांडा उन्हाने भरून जायला हवा. तो भरत नाही, याचे कारण आग्नेय कोपऱ्यातले ते तीन अशोक. (खरा सीताअशोक वेगळा, हा नुसताच उंच वाढणारा शोभेचा वृक्ष आहे.) ते आता पंचवीस फुटांच्या पुढे गेले आहेत आणि सकाळचे साडेदहा वाजेपर्यंत त्यांची सावली तुमच्या दोघांच्या खुर्च्यांवर असते.

म्हणूनच २१ डिसेंबरला, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, मी अंगणात पाच फुटांची काठी रोवून सावल्या मोजत बसले होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली चार फूट चार इंच भरली. सकाळी नऊ वाजता मात्र ती अकरा फुटांहून अधिक लांब होती आणि वायव्येकडे, म्हणजे थेट व्हरांड्याच्या रोखाने पडत होती. याचा अर्थ असा की आग्नेयेला जे काही लावू त्याची सावली सकाळी स्वतःच्या उंचीच्या सव्वादोन पट लांब पोहोचेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात हीच काठी भर दुपारी जवळपास सावलीच टाकणार नाही, कारण तेव्हा साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात आखलेली बाग हिवाळ्यात फसते ती यामुळेच, आणि झाडे जूनमध्ये लावायची असली तरी आखणी आताच करावी, असा माझा आग्रह आहे.

आग्नेयेचा कोपरा त्यामुळे मोकळा ठेवला आहे. तिथे फक्त कढीपत्ता, तोही दर वर्षी छाटून चार फुटांवर राखलेला, आणि त्याच्या शेजारी आईसाठी अडीच फूट उंचीचा विटांचा वाफा. आई, तुला आता उकिडवे बसून खुरपणी करता येत नाही म्हणून तू भाजी लावणेच सोडून दिलेस, याचे मला फार वाईट वाटते. या वाफ्यात माठ, मेथी, पुदिना हे सगळे तुला उभ्याने किंवा स्टुलावर बसून काढता येईल. तुळशीवृंदावन आणि प्राजक्त आहेत तिथेच राहतील.

रस्त्याकडच्या भिंतीलगत, व्हरांड्यापासून अठरा फुटांवर, बालानगर जातीची दोन सीताफळे सुचवली आहेत. दक्षिणेच्या बाजूला मला पानगळ होणारेच झाड हवे होते. सीताफळ हिवाळा सरता सरता पाने टाकते, त्यामुळे ऊन अडत नाही. उन्हाळ्यात त्याला नवी पालवी फुटते. मुरमाड जमिनीत ते आनंदाने वाढते, पाणीही फार मागत नाही, आणि आठ फुटांवर राखले तर सगळी फळे हाताला येतात.

हाताला येणे ही माझी दुसरी अट आहे, आणि ती बाबांसाठी आहे. बाबा, तुम्ही मागच्या वर्षी शेजारच्या पेरूसाठी शिडीवर चढला होतात, हे मला आईने सांगितले. आपल्या अंगणात शिडी लागेल असे एकही फळझाड नको. पेरूला फळ नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी करून तो सहा-सात फुटांवर राखला तरी फळात तोटा येत नाही. जात सरदार घ्यावी. पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात १९२७ मध्ये निवडलेली ही जात आपल्याकडच्या हवेला चांगली सरावलेली आहे. लिंबासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई सरबती. लिंबाला काटे असतात म्हणून ते नैर्ऋत्येला, फाटकाच्या वाटेपासून पाच फूट आत ठेवले आहे. त्याच्या मुळाशी पाणी साचता कामा नये, एवढे मात्र पाहावे लागेल.

आंब्याबद्दल बाबांचे आणि माझे मत जुळणार नाही, याची मला कल्पना आहे. तुम्हांला हापूसच हवा आहे. परंतु हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो, फळात साका होतो, म्हणजे आतला गर पांढरट आणि बेचव राहतो, आणि घाटावर त्याचा कोकणातला स्वाद उतरत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात दिली. ती दर वर्षी धरते, तिच्यात साका होत नाही आणि झाडाचा पसाराही आवरता राहतो. तिचे कलम पुढच्या अंगणात न लावता घराच्या पश्चिमेला, दिवाणखान्याच्या खिडकीसमोर भिंतीपासून बारा फुटांवर लावू. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर त्या भिंतीला हात लावू देत नाही इतकी ती तापते. तिथे आंब्याची दाट सावली उपयोगी पडेल. फळे उतरवल्यावर लगेच शेंडे छाटत गेले की झाड दहा-बारा फुटांवर राहते आणि खुडीने जमिनीवरूनच आंबे काढता येतात.

आई, दारात शेवगा नको हे तुझे म्हणणे मी पूर्ण मान्य केले आहे. त्याची फांदी ठिसूळ असते, वाऱ्याने कधी मोडेल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. शेंगांसाठी मागे धुण्याच्या दगडापलीकडे एक लावू. नारळ मात्र मी कुठेच घेतलेला नाही. पाडायला माणूस मिळत नाही आणि झावळी कोणाच्या डोक्यात पडेल ही धास्ती कायम राहते. मोरीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे केळ.

आता कामाचा क्रम. अशोक आपल्याच आवारात असले तरी ते परवानगीवाचून तोडता येणार नाहीत. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे आणि त्यानुसार नगरपालिकेकडे अर्ज करावा लागतो. अर्ज मी तयार करून सोबत पाठवत आहे. पाचांपैकी आग्नेयेचे तीनच काढायचे आहेत, उरलेल्या दोनांवर पोपट बसतात ते राहू देत. परवानगीला वेळ लागला तरी बिघडत नाही.

खड्डे मात्र जमिनीत ओल आहे तोवर, फेब्रुवारी संपण्यापूर्वी, खणून घ्यावेत. आंब्यासाठी तीन फूट लांब, रुंद व खोल, बाकीच्यांसाठी दोन फूट. मी पहार मारून पाहिली तेव्हा हिरवळीखाली वीतभरच माती लागली आणि त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि वाळू. घर बांधताना ठेकेदाराने राडारोडा तिथेच पसरून वर माती टाकली होती. आपण इतकी वर्षे त्या हिरवळीला पाणी घालत होतो आणि ती दर मेमध्ये पिवळी का पडते याचा विचार करत होतो. हा राडारोडा गाडीने बाहेर घालवावा, खड्ड्यात परत जाऊ देऊ नये. वरची चांगली माती वेगळ्या ढिगात ठेवावी, खड्डे एप्रिल-मेच्या उन्हात उघडे तापू द्यावेत आणि पहिल्या पावसाआधी माती, कुजलेले शेणखत व निंबोळी पेंड एकत्र करून जमिनीच्या थोडे वरपर्यंत भरावेत, म्हणजे माती बसल्यावर खळगा होत नाही. लावणीला मी स्वतः येईन. कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे आणि जोडाखालून फूट आली तर ती काढून टाकली पाहिजे, हे मी माळीदादांनाही सांगणार आहे.

बाबा, एक विनंती आहे. रोज सकाळी झाडून काढलेला पाचोळा तुम्ही कोपऱ्यात पेटवता. त्या धुराने तुमचा खोकला वाढतो, आणि तो पाचोळा आपल्याला हवाही आहे. आजपासून तो मागच्या बाजूला साठवला तर उन्हाळ्यात रोपांच्या आळ्यांत चार बोटे जाडीचा थर देता येईल, ओल टिकेल आणि नळाच्या एका तासाच्या पाण्यात सगळे भागेल.

मी निघताना तुम्ही मला म्हणालात, "आंबा धरेपर्यंत मी आहे कुठे?" तेव्हा मी काही बोलू शकले नाही. कलमाला चौथ्या-पाचव्या वर्षी फळ घेता येते, त्याआधी मोहोर खुडावा लागतो, हे खरे आहे. म्हणूनच या नकाशात पेरूचे कलम आहे, जे दोन-तीन वर्षांत फळ देईल. वर्षभरात घड देणारी केळ आहे आणि दीड महिन्यात तोडता येईल असा माठ आहे. आणि व्हरांड्यातले ऊन तर अशोक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळणार आहे. आंब्याचा पहिला मोहोर मात्र तुम्हीच खुडायचा आहे, माझ्या हातून ते होणार नाही.

नकाशाप्रमाणे प्रत्येक झाडाच्या जागी मी त्या त्या उंचीचा बांबू रोवून ठेवला आहे. संक्रांतीपर्यंत ऊन साधारण असेच राहील. तेवढ्या दिवसांत सकाळी नऊ वाजता तुम्ही दोघांनी आपापल्या नेहमीच्या खुर्चीवर बसून पाहावे, अशोकांची सावली सोडून दुसऱ्या कोणत्या बांबूची सावली तुमच्या अंगावर येत असेल तर तो उपटून दोन फूट मागे रोवावा, आणि कोणता हलवला ते मला कळवावे.

तुमची,
लेक