पांढरी सात

शहापूर, बेळगाव
श्रावणातला दुसरा सोमवार

प्रिय ढोलक्या,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. फोन झाले, ते आईच्या औषधाचे नाहीतर कुणाच्या तरी लग्नाचे. हेसुद्धा फोनवर सांगितलं असतं, खरं तू मधेच बोलायला लागतोस आणि माझं राहून जातं, म्हणून कागद घेतलाय. तब्येत बरी आहे. साखर जरा वर, गोळी चालू. आईचा गुडघा आहे तसाच.

आपल्या पियानोची पांढरी सात तुझ्यामुळं तुटली नव्हती.

हे आधी लिहून टाकतो, बाकीचं मागाहून. १९९१ च्या गणपतीत निपाणीला मांडवामागं, आक्का, भावोजी, लायटिंगवाला पोऱ्या, सगळ्यांच्या देखत मी तुला म्हणालो, "तुझ्या ढोलकीच्या दणक्यात मला पियानो बडवावा लागतो, पट्टी तुझ्यामुळं गेली." तू काही बोलला नाहीस. ढोलकी खांद्याला लावलीस, स्टँडवर गेलास आणि रात्रीच्या बसनं एकटा परत आलास. त्यानंतर संक्रांतीपर्यंत तू आमच्या गल्लीतनं पाय टाकला नाहीस. ३४ वर्षं मी हेच धरून चाललो की आपण मिटवलं ते तुला माफ करून. गेल्या मंगळवारी रात्री साडेअकराला, हातात भिंग धरून, मला कळलं की माफी मी मागायला पाहिजे होती.

आता सगळं सांगतो.

घर पाडायचं ठरलंय, आक्कानं तुला कळवलं असेलच. मागची भिंत या पावसात फुगली. बिल्डरचा करार झालाय, कागद कन्नडमधनं, मुलानं वाचून सांगितले तेव्हा सही केली. दसऱ्याच्या आत रिकामं करायचं. अनगोळला दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात, तिथं माळा नाही. म्हणून माळ्यावरचं एकेक खाली आलं. अण्णांच्या भजनाच्या वह्या, तंबोऱ्याचा भोपळा, तुझी ती एका बाजूनं फाटलेली बोंगो (आक्का म्हणते, ही त्याच्या लग्नात त्यालाच आहेर करायला पाहिजे होती) आणि सगळ्यात मागं, दोन सोलापुरी चादरींत गुंडाळलेला वुर्लिट्झर, आपला विजेवरचा पियानो. १९९६ ला कॅसिओ आला आणि हा वर गेला, तो आत्ता उतरला. पंचवीस किलोचं धूड. आपण दोघं टेम्पोत सहज टाकायचो, परवा मी आणि मुलगा जिन्यात तीनदा टेकलो. क्रोमचे चारही पाय पोत्यात मिळाले, पेडलसुद्धा. ज्यांच्याकडनं तो घेतला त्या कॅम्पातल्या अंकलचा २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर आहे. भावोजींनी तो सोडून थेट प्लगात घातला होता ती दुपार तुला आठवत असेल. आक्का अजून त्यांना इस्त्रीसुद्धा लावू देत नाही.

मुलानं फोटो कुठं टाकला काय की, चौथ्या दिवशी पणजीहून एक तरुण चोर्ला घाट चढून गाडी घेऊन हजर. स्टुडिओ आहे त्याचा. सभ्य पोरगं. चपला बाहेर काढल्या, आईच्या पाया पडला, मग पियानोजवळ गुडघ्यावर बसला. ८५,००० म्हणाला. बंद आहे तसा, आजच. २००ए मॉडेल, ६४ पट्ट्या, आवाजाचा आणि व्हायब्रेटोचा असे दोनच खटके, सगळं मूळचं. कंपनीनं हे बनवणं १९८० च्या दशकातच थांबवलं. १९८३ ला यामाहाचा डीएक्स७ कीबोर्ड आला आणि या जड पेट्या कुणाला नको झाल्या, आता ज्या उरल्या तेवढ्याच. अंकल ज्या रे चार्ल्सचं नाव घेऊन कानाला हात लावायचे, त्यानं १९५९ साली याच घराण्यातलं वाद्य वाजवून जगाला वेड लावलं होतं, तेही त्या पोराला ठाऊक. पैसे त्यानं काढून ठेवले होते. मी म्हणालो, आठ दिवस दे.

८५,००० म्हणजे अनगोळचं वर्षाचं भाडं सुटतं, हे तुला सांगायला नको. आणि दुरुस्तीचा हिशेब वेगळाच. हातोड्यांच्या फेल्टला कसर लागलीय, सूर दाबणाऱ्या डँपरचं फेल्ट उंदरांनी नेलंय. अँप्लिफायरमधले जुने कपॅसिटर सगळे बदलायचे. अमेरिकेत या वाद्याचं रीड अजून कुणीतरी नवीन करून विकतं, ते मागवायचं, वर टपाल आणि कस्टम. रविवारचे रविवार माझे हात धरले तरी ४०,००० कुठं गेले नाहीत. मुलगा म्हणाला, बाबा, हा आवाज मोबाईलमध्ये मिळतो. त्यानं वाजवून दाखवला. हुबेहूब आहे. मी तासभर त्यावर बसलो, आणि मग काय चुकतंय ते सापडलं. त्यात आपली पांढरी चार नाही.

तुला आठवतंय ना ती भानगड. अण्णांचा सूर काळी एक, म्हणजे त्यांचा सा पहिल्या काळ्या पट्टीवर आणि गंधार पांढरी चारवर. कंपनीचा गंधार सगळ्या पट्ट्यांत चालावा म्हणून चढा ठेवलेला, तंबोऱ्यातनं आपोआप निघतो त्याच्यापेक्षा १४ सेंट वर, अर्ध्या सुराचा साधारण सातवा हिस्सा. अण्णा म्हणायचे, कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथनं हाकेवर, पं. रामभाऊ विजापुऱ्यांची पेटी ऐकून या गावाचे कान तयार झालेत, इथं असला टोचणारा गंधार लावून मी अभंग म्हणू काय? म्हणून पेटीवाल्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी झाकण उघडलं आणि म्हणाले, "अरे, ही तर आमचीच जात." तारा नाहीतच. प्रत्येक पट्टीला एक पोलादी रीड, खालनं फेल्टची हातोडी येऊन मारते. रीडचं टोक एका पत्र्याच्या फटीत हलतं, त्या पत्र्यावर दीडशेच्या आसपास व्होल्ट असतात, फटीतलं अंतर कमीजास्त होतं त्याचाच आवाज होतो. पेटीचं रीड टोकाला खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. इथं टोकावर कथलाचा डाग असतो. तो घासला की सूर चढतो, त्यावर आणखी घातला की उतरतो.

डाग अण्णांनी स्वतः दिला होता. मास्तर ऐकत बसले आणि अण्णा आपली सोनाराची झारणी घेऊन. परवा पहिल्यांदा नीट बघितलं. कंपनीचे डाग चौकोनी, सुऱ्यानं कापल्यासारखे. पांढरी चारच्या रीडांवर मात्र त्याच्या माथ्यावर एकेक मणी बसवलाय, खसखशीएवढा, गोल, वितळताना फुंकर घातल्यासारखा गुळगुळीत. आईच्या मंगळसूत्राचे मणी आणि ते, एका हाताचे आहेत हे कुणालाही कळेल. आक्का पांढरी चारवरनं गायची, तिचा सा त्या दिवसापासनं उतरलेला, ती रडकुंडीला यायची, आणि अण्णा तिला म्हणायचे, "तू काळी चार घे." तिनं शेवटपर्यंत घेतली नाही.

पणजीचा पोरगा नेईल तर पहिल्या दिवशी ट्यूनर लावेल आणि ते मणी घासून टाकेल. त्याचं काही चुकणार नाही. त्याला वाद्य सुरात पाहिजे.

मंगळवारी मी तो चालू करायला बसलो. तीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट लावायचं नसतं, म्हणून सिरीजमध्ये १०० चा बल्ब जोडला. बटण दाबल्यावर बल्ब भगभगीत पेटला, माझ्या पोटात गोळा आला, मग हळूहळू मंद होत गेला. घुमणारा आवाज, त्यात चरचर. पांढरी चार दाबली. आली. आई आतल्या खोलीत झोपली होती ती उठून दारात आली आणि म्हणाली, "ह्यांचा सूर." एवढंच म्हणाली आणि परत जाऊन पडली.

मग मी पांढरी सात बघायला गेलो. मधल्या सप्तकातली ती जागा तशीच, स्क्रूखाली मुळाचा तुकडा. तुटलेलं टोक कुठं असेल म्हणून शोधलं तर अण्णांच्या तपकिरीच्या डबीत निघालं, तेलाच्या कापसात गुंडाळलेलं, गंजाचा ठिपका नाही. सोबत त्यांचं पेढीवरचं दहापटीचं भिंग.

उद्यमबागेत तीस वर्षं तुटलेले शाफ्ट बघतोय मी. एका दणक्यात तुटलेलं पोलाद वेगळं दिसतं आणि चीर पडून झिजत झिजत तुटलेलं वेगळं. चीर जिथनं सरकत येते तो भाग काळपट, गुळगुळीत, आणि शेवटी जे एकदम जातं ते खरबरीत, करडं, दाणेदार. हा तुकडा मी दिव्याखाली तिरका धरला. रुपयात बारा आणे काळा. म्हणजे निपाणीला आपण टेम्पोतनं उतरलो तेव्हा ती पट्टी चार आण्यावर उभी होती. तू ढोलकीवर नुसता हात ठेवून बसला असतास तरी ती त्या आठवड्यात जायचीच.

आणि काळा भाग सुरू होतो तिथं, मुळाजवळ, एक आडवी रेघ आहे. खरवडणीची.

तुला तो पहिला दिवस आठवतो काय? अंकल गावाला जायच्या आधी येऊन "टोकाला डाग द्या" असं दाखवून गेले, त्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी पेटीच्या सवयीनं एक रीड मुळाशी खरवडून बघितलं होतं. अण्णांना कोमल निषादही उतरून पाहिजे होता. काळी एकचा कोमल निषाद, पांढरी सात. पेटीच्या रीडचं पितळ ते सोसतं. हातोडीचा मार खात सेकंदाला शेकडोदा वाकणारं पोलाद नाही सोसत, चीर अशा ओरखड्यालाच धरते.

मास्तर गेले, अण्णा गेले, कुणाला दोष देत नाही. मला रात्रभर छळलं ते दुसरंच. भिंग त्या डबीबरोबर का होतं? उभा जन्म सोन्यातली बारीक चीर शोधण्यात घालवलेला माणूस, त्यानं तो तुकडा भिंगाखाली बघितला नसेल? बघितला असणार. आणि तरी मी तुझ्या नावानं खडे फोडत होतो तेव्हा ते एका शब्दानं बोलले नाहीत. मास्तरांचं नाव खाली येऊ नये म्हणून असेल. आपल्याच हट्टापायी झालं हे मुलाला सांगणं जमलं नसेल. मग त्या संक्रांतीला, कुणाच्या दारात न जाणारे अण्णा, कोट टोपी घालून तिळगूळ घेऊन तुझ्या घरी स्वतः गेले. तू मला नंतर म्हणाला होतास, "तुझा बाप आला, बसला, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, हात सोडेना." आपण समजलो म्हातारा माणूस आहे, पोरांनी बोलावं असं वाटतंय. तू सांग आता, तेव्हा ते काही बोलले होते काय? आठवून सांग. एक शब्द असला तरी सांग.

मला विकवत नाही, हे तुला एव्हाना कळलंच असेल. खरं हा निर्णय माझ्या एकट्याचा नाही. १९८८ ला अंकलना दिलेल्या चार हजारांत दोन तुझे होते, लुना विकून आलेले, आणि तू नंतर तीन वर्षं सायकलवर कारखान्यात गेलास. तू मागितले नाहीस, मी दिले नाहीत. त्यामुळं अर्धा पियानो तुझा. तू वीक म्हणालास तर विकतो, ४२,५०० तुझ्या खात्यात, आणि माझ्या मनात काही राहणार नाही. ठेव म्हणालास तर मी तो नव्यासारखा करणार नाही. फेल्ट, कपॅसिटर, पेडलची केबल, आणि पांढरी सातला एक नवीन रीड, एवढंच. पांढरी चारला कानस लागू देणार नाही. आक्काला काळी चार घ्यावी लागेल. अनगोळच्या खोलीत माझ्या खाटेच्या जागी तो बसतो, मी मोजून आलोय, मी खाली झोपेन. पणजीवाल्याला दसऱ्यापर्यंत थांब म्हणून सांगितलंय. थांबतो म्हणाला.

तुझ्या धाकटीला नोकरी लागली हे आक्काकडनं कळलं, फार बरं वाटलं, तिला माझा आशीर्वाद सांग. वहिनींचा डोळा झाला काय? सोसायटीच्या लिफ्टचं तुझं भांडण मिटलं असेल अशी आशा. कुंदा पाठवला असता खरं कुरियरवाला श्रावणात चार दिवस लावतो.

निपाणीबद्दल मला माफ कर. तोंडावर म्हणायचंय, म्हणून रात्रीची ट्रॅव्हल्स धर आणि घर पाडायच्या आधी एक दिवस ये. अण्णांच्या खोलीतच वाजवू. ढोलकी घेऊन ये आणि हात राखू नकोस.

तुझा
पेटीवाला

ता. क. तुकडा यासोबत पाठवतोय, त्याच तेलाच्या कापसात. तिथं एखाद्या घड्याळवाल्याकडनं भिंग घे, खिडकीच्या उजेडात तिरका धर आणि स्वतः बघ. येताना परत आण.