नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून

आईच्या डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून तिनं चार महिने कुणाला सांगितलंच नाही. मांडीवर सूप, हातात कात्री, हजार विड्या वळायचा हिशेब. स्वतःकडे बघायला वेळ कुठला!

सोलापूरच्या अशोक चौकाकडच्या आमच्या गल्लीत आलेल्या आशा सेविका ताई, 'दुखत नाही म्हणून तर लवकर दाखवायची' असं तुम्ही उंबऱ्यात बसून सांगितलंत. पाळी गेलेल्या बाईनं महिन्यातली एक तारीख धरून बोटांच्या पेरांनी पार काखेपर्यंत कसं चाचपायचं, तेही दाखवलंत.

सोनोग्राफीच्या रांगेतल्या इरकल नेसलेल्या मावशी, 'गाठ तपासायला सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे आईच्या डोक्यातलं भूत तुम्ही उतरवलंत. पदर सारखा करत म्हणालात, 'मला लावून सहा वर्षं झाली, मी काय पसरले का?' (डॉक्टरांनी हेच तीनदा सांगितलं होतं. पण डॉक्टर तर सांगणारच!)

आणि पावसात भाडं न घेणारे रिक्षावाले दादा, तुम्हीही.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण काखेपर्यंत पोचली नव्हती. स्तन ठेवून तेवढीच काढली, मग रेडिएशन दिलं. यंदा गड्ड्याच्या जत्रेत आई हट्टानं पाळण्यात बसली आणि वरून गर्दीत तुम्हाला शोधत राहिली.