मंत्रिमहोदय, परिषदेतले ज्ञान वर्गात कधी उतरणार?

मा. शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

कलाशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेहून परतल्यावर आपण शिक्षकांच्या मेळाव्यात दोन शब्द दिले होते. तिथला आराखडा आपल्या भाषेत शाळाशाळांत पोहोचवू, आणि आपल्या कलाशिक्षकांना इतर देशांतल्या शिक्षकांशी जोडून देऊ. टाळ्या कडाडल्या, मीही वाजवल्या. आराखडा काही आला नाही. गेल्या आठवड्यात परिपत्रक मात्र आले: कलेच्या तासिका पुढील आदेशापर्यंत परीक्षेच्या सरावासाठी द्याव्यात.

त्याच सुमारास परदेशी कलाशिक्षकांच्या एका ऑनलाइन चर्चासत्रात माझ्या मुलांच्या छापचित्रांवर बोलायचे मला आमंत्रण होते. रजा मागितली नव्हती, फक्त दोन तासांची परवानगी. अर्ज शेरा मारून परत आला: 'अध्यापनाशी संबंध नाही.' मी कलाशिक्षिका आहे, साहेब. मग माझा संबंध कशाशी आहे, तेही त्याच शेऱ्यात लिहायचे होते.

कशाशी आहे ते कलावर्गात येऊन बघा. टेबलांवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुलांचे लिनोचे ठसे ज्या दोरीवर वाळायचे, तिथे चिमट्यांना बैठकव्यवस्थेचे तक्ते लटकताहेत. शाईचा रोलर दगडासारखा कडक झालाय, मातीच्या टबात भेगा पडल्यात. यातले निम्मे सामान मी पगारातून आणलेले. पर्यवेक्षण माझ्याकडे, ऑनलाइन माहिती भरणे माझ्याकडे, पाहुणे आले की फलकलेखनही माझ्याकडेच, कारण 'तुमचे अक्षर छान आहे'. दहातल्या आठ शाळांत तरी हीच गत असेल. आकडा अंदाजाचा आहे. चुकीचा वाटत असेल तर खरा तुम्ही छापा.

परिषदांची मात्र कमी नाही. युनेस्कोची कलाशिक्षणावरची पहिली जागतिक परिषद २००६ मध्ये लिस्बनला झाली, दुसरी २०१० मध्ये सोलला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत संस्कृती आणि कलाशिक्षणावर अबुधाबीला. दर वेळी नवा दस्तऐवज, दर वेळी 'देशोदेशींच्या अनुभवांची देवाणघेवाण' हे शब्द. २०११ मध्ये मे महिन्याचा चौथा आठवडा आंतरराष्ट्रीय कलाशिक्षण सप्ताह म्हणून जाहीर झाला. सप्ताहाचे फोटो काढून अपलोड करा, एवढाच आदेश आमच्यापर्यंत येतो. शाळेत शिकवणारे किती जण तुमच्या शिष्टमंडळात होते हो? सचिवांची नावे वाचली मी. त्यातल्या कुणाच्या नखात कधी माती गेली असेल?

खरी देवाणघेवाण शिक्षकच करत आले आहेत. इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या बालशाळांत लहान मुलांसाठी कार्यशाळा असते, तिथे कलेची जाण असलेला शिक्षक असतो. ते पाहायला जगभरचे शिक्षक जातात. दृश्यकलेच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना 'इन्सिया' १९५४ पासून आहे. तुमच्या परिषदांच्या किती आधीपासून, ते मोजा.

पण जे परीक्षेत नाही ते तुमच्या लेखी नाहीच. २०२२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलांची सर्जनशील विचारशक्तीही मोजली गेली, आणि तेव्हापासून सगळ्यांना सर्जनशीलतेचा उमाळा आलाय. उद्या तिचेही सराव संच निघतील, आणि त्यासाठी पुन्हा कलेचीच तासिका जाईल! कलेमुळे गणिताचे गुण वाढतात, हे तुमच्या भाषणातले आवडते वाक्य. ओईसीडी या आर्थिक सहकार्य आणि विकासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०१३ चा अहवाल जरा उघडून बघा. कला शाळेत हवी ती कलेसाठीच, इतर विषयांतल्या फायद्यावर तिचे समर्थन टेकवू नका, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण कलेसाठी कला म्हटले की तुमची फाइल पुढे सरकत नाही. सगळी यंत्रणाच अशी आहे: मूल काय करते हे कुणाला बघायचे नाही, रकाना भरला की झाले.

तर ते परिपत्रक मागे घ्या, आणि शिक्षकांनी बाहेरच्या शिक्षकांशी बोलायला परवानगी लागणार नाही असा आदेश काढा. आराखड्याचा मूळ मजकूर सगळ्यांसाठी खुला आहे. भाषांतराला माणूस मिळत नसेल तर आम्ही कलाशिक्षक बसून करू, फुकट. फक्त रात्री करावे लागेल. दिवसा आम्ही पर्यवेक्षणावर असतो.

आपली,
एक कलाशिक्षिका
(सध्या परीक्षा विभाग)