काठावरची वाट आधी पालिकेच्या नावावर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याच्या काठावरच्या प्रस्तावित उत्तुंग इमारतीची बाजू मांडणारा लेख कालच्या अंकात वाचला. लेखकांचा अभ्यास दिसतो, भाषाही सभ्य आहे. पण हरकत घेणाऱ्या सगळ्यांना उंचीची धास्ती वाटते, त्यांना शहर वाढायलाच नको आहे, हे त्यांनी कशावरून ठरवले? घरे लागतात आणि जमीन अपुरी असेल तर वरच बांधावे लागते, हे मलाही कळते. माझा राग मजल्यांवर नाही. इमारतीपुढचा काठ नागरिकांना कायम खुला राहील असे त्यांनी छातीठोकपणे लिहिले आहे, त्यावर आहे.

अगदी हेच शेजारच्या संकुलाच्या वेळीही सांगितले होते. तेव्हा मी विरोध केला नव्हता, उलट ओळखीच्यांना समजावत होतो की निदान पाण्यालगत चालायला चांगली वाट होईल. वाट झाली, पण तिच्या तोंडाशी फाटक आले, फाटकाशी टेबल आणि टेबलावर नोंदवही. माझे वडील ऐंशीच्या घरातले. त्यांचे अख्खे आयुष्य या काठाने फिरण्यात गेले. गुडघ्यांमुळे हल्ली थोडे चालले की बसावे लागते. त्यांना घेऊन गेलो तर सुरक्षारक्षकाने विचारले, “कुणाकडे जायचंय?” वडील म्हणाले, “कुणाकडे नाही, पाण्यापर्यंत.” नाव, पत्ता, मोबाईल नंबर लिहून दिल्यावर आत सोडले. पुढे बाकावर टेकलो, तोच दुसरा रक्षक आला. “आजोबा, इथे बसायचं नाही, हे मेंबर लोकांसाठी आहे.” वडील एका हाताने कठडा धरून उठले. त्या मुलाशी मी भांडलो नाही, त्याला तसे करायला सांगितले होते. पण वडील त्यानंतर तिकडे यायला तयार होत नाहीत. ज्या जागेवर त्यांचा हक्क कागदावर लिहिलेला आहे, तिथून त्यांना उठवले गेले, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही.

कागदावर म्हणतो ते ऐकीव नाही. पालिकेत जाऊन मंजूर नकाशा स्वतः पाहिला. ती वाट त्यात हिरव्या रेघांनी दाखवली आहे, शेजारी ‘सार्वजनिक वापरासाठी’ असे लिहिले आहे. बांधकाम परवानगीत तशी अटही आहे. मग फाटक कसे? तर वाट पालिकेकडे हस्तांतरित झालीच नाही. मिळकतीच्या कागदांत तिची नोंद नाही, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला पालिकेची परवानगी, देताना ती खुली आहे की नाही हे कुणी जागेवर जाऊन तपासले नाही. अर्ज दिला, त्यावर पोच मिळाली. फाटक आजही तिथेच आहे.

लेखात परदेशांतल्या काठांचे दाखले आहेत, म्हणून दोन दाखले मीही देतो. कॅलिफोर्नियातल्या मालिबूमध्ये एका बड्या धनिकाने बांधकामाच्या परवानगीच्या बदल्यात समुद्राकडे जाणारी वाट लोकांना देण्याचे 1983 मध्ये मान्य केले होते. ते फाटक उघडले 2005 मध्ये, तेही कोर्टबाजी झाल्यावर. किनाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र आयोग असलेल्या राज्यात ही स्थिती, तर नुसत्या आश्वासनावर आपण का विसंबावे? उलट शिकागोत सरोवराकाठची जागा कायम मोकळी राहील, तिथे इमारत होणार नाही, असे 1836 च्या नकाशावरच लिहून ठेवले होते. पुढे तिथे इमारती उठू लागल्या तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा व्यापारी त्याच शेऱ्याच्या जोरावर 1890 पासून दोन दशके कोर्टात लढला आणि जिंकला. त्या जागेवर आज ग्रँट पार्क आहे. लिव्हरपूलचा उल्लेख लेखकांनी कौतुकाने केला आहे. त्याच काठावरच्या नव्या बांधकामांमुळे 2021 मध्ये त्या शहराचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढले गेले, हे मात्र वाचकांना सांगितले नाही.

आता लेखासोबतच्या चित्राविषयी. ते संगणकावर तयार केलेले आहे, फोटो नव्हे, असे खाली छापायला हवे होते. चित्रात मुले पाण्याशी खेळताहेत, सगळीकडे लख्ख ऊन आहे आणि इमारतीची सावली कुठेच नाही. सूर्य क्षितिजापासून 30 अंशांवर असताना 100 मीटर उंच इमारतीची सावली सपाट जमिनीवर सुमारे 173 मीटर पडते. हे शाळेतले गणित आहे. कोणत्या महिन्यात, किती वाजता, काठाचा किती भाग सावलीत जाणार, याचा नकाशा विकासकाकडून मागून छापा. वाऱ्याचेही तसेच. हाँगकाँगमध्ये उंच इमारतींच्या भिंतीने वारा अडतो असे लक्षात आल्यावर 2006 पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी हवा खेळण्याचा अभ्यास करून घेतला जातो. आपल्याकडे तो झाला आहे का? झाला असेल तर कुठे पाहायला मिळेल?

माझी मागणी साधी आहे. काठाची वाट आणि तिथवर नेणारा रस्ता बांधकाम सुरू होण्याआधी पालिकेच्या नावावर व्हावा. त्यावर फाटक, नोंदवही, वेळेचे बंधन असणार नाही हे परवानगीत स्पष्ट लिहावे. वाट प्रत्यक्ष खुली झाल्याशिवाय भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि शेजारच्या संकुलाचे फाटक आधी काढावे, मग नव्या आश्वासनांविषयी बोलावे. एवढे झाले तर मजले किती यावर मी हरकत घेणार नाही.

जाता जाता एक तक्रार थेट आपल्याकडे. हरकती-सूचना मागवणारी जाहीर सूचना आपल्याच दैनिकात आली होती, आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत. लेखाला मात्र चित्रासह अर्धे पान मिळाले. मुदत अजून संपलेली नाही. अर्ज कुठे द्यायचा, कोणत्या तारखेपर्यंत, नकाशे कोणत्या कार्यालयात पाहता येतात, एवढे ठळक अक्षरांत पहिल्या पानावर छापावे ही विनंती. या पत्राला जागा कमी पडली तरी चालेल, ते आधी छापा.

आपला,
एक जुना वाचक