उंचीचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांबरा विमानतळाच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी १० मार्च २०२४ रोजी झाली. विमानतळ मोठा व्हावा, बेळगावहून विमाने वाढावीत, हे आम्हा आसपासच्या गावकऱ्यांनाही मनापासून वाटते. तक्रार आहे ती वेगळीच. विमानतळाभोवती कोणी किती उंच बांधायचे याचे नियम ज्या गावांना लागू होतात, त्या गावांना ते कोणी समजावून सांगत नाही.

सल्लागार कंपनीची माणसे येतात, बांधावर तिपाई रोवतात, नारळाचा शेंडा, घरावरची टाकी, मोबाईल टॉवर यांची उंची टिपून घेतात आणि निघून जातात. विचारले तर 'रिपोर्ट वर जाणार' एवढेच उत्तर. पुढे कुणी कर्ज काढून दुसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकतो आणि मग ना-हरकत दाखल्याचा विषय निघतो.

खरे तर नियम समजायला अवघड नाहीत. केंद्राचे उंचीचे नियम २०१५ पासून लागू आहेत. मोठ्या धावपट्टीभोवती ४ किलोमीटरपर्यंत, विमानतळाच्या पातळीच्या वर ४५ मीटर ही साधारण मर्यादा. पण विमान ज्या बाजूने उतरते तिथे ती फार खाली येते. धावपट्टीच्या टोकाच्या पुढे सुरुवातीला दर ५० मीटरला जेमतेम १ मीटर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर १० मीटरच्या आसपास. दुमजली घर, वर जिन्याची खोली, तिच्यावर टाकी, की झाले १० मीटर! शिवाय ही उंची समुद्रसपाटीपासून धरतात. त्यामुळे उंचवट्यावरच्या घराला कमी मजले मिळतात आणि खालच्या आळीतल्याला जास्त. हे आधी माहीत नसले की शेजाऱ्याला वाटते, आपल्यावरच अन्याय झाला.

पवनचक्क्यांचेही तेच. सौंदत्तीकडच्या किंवा जतच्या माळावरच्या पवनचक्क्या सांबऱ्यापासून लांब, म्हणून आपल्याकडे त्यांचा आणि विमानांचा संबंध कोणी जोडत नाही. पण आताच्या मोठ्या पवनचक्क्या पात्याच्या टोकापर्यंत १५० मीटरच्या पुढे जातात, आणि एवढी उंच वस्तू विमानतळापासून दूर असली तरी विमानांसाठी अडथळाच धरली जाते. तिच्यावर रात्री दिवे लागतात. फिरत्या पात्यांमुळे, आकाशात विमान नसतानाही रडारवर विमानासारखा ठिपका उमटू शकतो. म्हणूनच जागा ठरण्याआधी विमानवाहतुकीच्या जाणकारांकडून अभ्यास व्हायला हवा. पाया भरल्यावर आक्षेप आला तर जमीन भाड्याने दिलेला शेतकरीच मध्ये लटकतो.

विमानतळ प्राधिकरण कोणत्या पट्ट्यात किती उंची चालेल हे रंगांनी दाखवणारे नकाशे तयार करते. सांबऱ्याचा असा नकाशा मुतगा, निलजी, बाळेकुंद्री, मारिहाळ या गावांच्या ग्रामपंचायतीत, सर्व्हे नंबरांसह, कन्नडबरोबर मराठीतही लावावा. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने केव्हाच मान्य केलेले आहे. आणि मोजणी करणाऱ्या सल्लागारांना एकदा ग्रामसभेत बसवा. कोणाचे झाड, कोणाची टाकी यादीत आली, ते लोकांसमोर वाचून दाखवू द्या.

दसऱ्यानंतर गावात बांधकामे निघतात. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी यात लक्ष घालावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सांबरा परिसर, ता. बेळगाव